विश्लेषण : १९ अंकी स्टुडंट आयडीचे शेवटचे चार अंक कुठे जातात?

पेठ तालुक्यात भात-नागलीची सोंगणी आटोपली की पाड्यांवरची अनेक कुटुंबे सावळघाट ओलांडून दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला निघतात. मुलेही बरोबर जातात. मूल तिकडच्या शाळेत बसायचे तर त्याची नोंद जुन्या शाळेतून नव्या शाळेत ऑनलाइन सरकवावी लागते. त्यासाठी नाव पुरत नाही. एकाच पाड्यावर एकाच नावाची तीन-तीन मुले असतात, आडनावेही तीच असतात. लागतो तो स्टुडंट आयडी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ज्याच्यासाठी ओळीने १९ चौकटी छापलेल्या असतात, तोच हा क्रमांक.

आता समजा, गुरुजींनी तीस मुलांची यादी स्प्रेडशीटमध्ये तयार केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. पलीकडच्या गुरुजींनी ती मोबाइलवर उघडली. नावे जशीच्या तशी आहेत, जन्मतारखा बरोबर आहेत. आयडीच्या रकान्यात मात्र '२.०१५२७ई+१८' असे काहीतरी उमटले आहे. रकाना रुंद केला, फॉरमॅट बदलून पाहिला, तर १९ अंक दिसू लागले. पण प्रत्येक मुलाच्या आयडीच्या शेवटी चार शून्ये आहेत आणि तिसांच्या तीस मुलांचा क्रमांक एकच झाला आहे. फाइल बिघडलेली नाही, व्हायरस नाही, गुरुजींचा हातही चुकलेला नाही. संगणक मोठ्या संख्या ज्या पद्धतीने साठवतो, त्या पद्धतीचा हा परिणाम आहे. तीच गोष्ट वेबसाइटवर आणि मोबाइल अ‍ॅपमध्येही घडते. तिथे ती पकडणे अधिक अवघड असते.

या १९ अंकांत असते काय?

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आणली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला १९ अंकी क्रमांक मिळाला. त्याची रचना सरळ आहे. पहिले चार अंक वर्षाचे, पुढचे अकरा अंक शाळेच्या यू-डायस क्रमांकाचे आणि शेवटचे चार त्या मुलाच्या अनुक्रमाचे. यू-डायसची सुरुवात महाराष्ट्रात २७ ने होते, नाशिक जिल्ह्यासाठी पुढे २० येतात.

उदाहरणासाठी एक काल्पनिक क्रमांक घेऊ : २०१५२७२०९९९९९०१००१७. म्हणजे वर्ष २०१५, शाळा २७२०९९९९९०१ आणि मूल सतरावे.

एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळते आणि पुढच्या जागी शून्य भरते. हा एक्सेलचा जाहीर नियम आहे, गुगल शीट्सचीही मर्यादा तीच आहे. आता वर्षाचे चार आणि शाळेचे अकरा अंक मिळवले तर बेरीज बरोबर पंधरा होते. वर्ष वाचले, शाळा वाचली आणि नेमके मूल गेले! क्रमांकाची रचना ठरवताना हा योगायोग कुणाच्या ध्यानीमनीही नसणार, पण त्याची किंमत प्रत्येक केंद्रावर कुणी ना कुणी रात्री बसून यादी पुन्हा भरताना मोजली आहे.

पण ब्राउझर तर एक्सेल नव्हे

खरे आहे. मात्र ब्राउझरमध्ये चालणारी भाषा, जावास्क्रिप्ट, त्याच पायावर उभी आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीसाठी ही भाषा अवघ्या दहा दिवसांत उभी केली, हा संगणकाच्या इतिहासातला गाजलेला किस्सा आहे. वेबपान बनवणाऱ्याला पूर्णांक आणि अपूर्णांक असा भेद करायला लावू नये म्हणून तिच्यात संख्येसाठी एकच प्रकार ठेवला गेला. ५ असो वा ५.२५, साठवण्याची पद्धत एकच. ती पद्धत १९८५ मध्ये ठरलेल्या 'आयट्रिपलई ७५४' या मानकातली आहे.

या पद्धतीत प्रत्येक संख्येला ६४ बिट मिळतात, म्हणजे शून्य किंवा एक भरायची ६४ घरे. त्यातले एक घर अधिक-उणे चिन्हासाठी जाते. अकरा घरे संख्या किती मोठी आहे हे सांगतात, म्हणजे दशांशचिन्ह कुठे सरकवायचे ते, फक्त दहाऐवजी दोनच्या पटीत. उरली ५२. सुरुवातीचा एक गृहीत धरलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात ५३ घरांइतके अंक अचूक राहतात. दोनचा ५३ वा घात म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२. त्याहून एकने कमी असलेली संख्या, शेवटी ९९१ असलेली, ही जावास्क्रिप्टची 'सुरक्षित' पूर्णांकाची हद्द आहे.

हद्दीपलीकडे गेले म्हणजे संख्या मावत नाही, असे मात्र होत नाही. संख्या मावते, फक्त जवळच्या खुणेवर सरकवली जाते. सोनाराचा तराजू आणि ट्रकचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणावा. वजनकाट्यावर अख्खा ट्रक तोलता येतो, पण ट्रकमध्ये कुणी तांब्याभर पाणी ओतले तर काटा हलत नाही. त्याच्या खुणा दूर-दूर आहेत. जावास्क्रिप्टच्या संख्यांचेही तेच आहे. नऊ हजार लाख कोटींपर्यंत दोन खुणांत एकचे अंतर असते, पुढे दोनचे होते, मग चार, आठ, सोळा. हद्दीच्या संख्येत, म्हणजे शेवटी ९९२ असलेल्या संख्येत, एक मिळवला तर उत्तर पुन्हा ९९२ च येते. दोन मिळवले तर ९९४.

वीसने सुरू होणारी १९ अंकी संख्या या पट्टीवर जिथे येते, तिथे दोन खुणांमधले अंतर २५६ झालेले असते. वरच्या काल्पनिक शाळेचे गणित मांडून पाहिले तर १ पासून १७५ व्या अनुक्रमापर्यंतची सगळी मुले एकाच खुणेवर जाऊन बसतात. पेठच्या पाड्यांवरच्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांचा अख्खा पट तिथेच संपतो. सतरावा आणि अठरावा आयडी समान आहेत का, असे जावास्क्रिप्टला विचारले तर ती बिनदिक्कत 'होय' म्हणते.

गंमत पुढेच आहे. ती खूण शेवटी ०००० असलेल्या संख्येची नाही, ती ००४८ वर आहे. पण संख्या पडद्यावर दाखवताना जावास्क्रिप्ट कमीत कमी अंकांत काम भागवते. ती खूण ओळखायला जेवढे अंक पुरेसे आहेत तेवढे लिहायचे आणि बाकी शून्ये. म्हणून दिसतात चार शून्ये, आत मात्र अठ्ठेचाळीस. म्हणजे सतराव्या मुलीचा क्रमांक मशीनच्या पोटात अठ्ठेचाळिसाव्या मुलाचा झाला आणि पडद्यावर कुणाचाच राहिला नाही.

कापरेकरांची कसोटी

हा दोष मोबाइलवर घरबसल्या पाहायचा असेल तर नाशिक जिल्ह्यातल्याच एका शिक्षकाचे गणित उपयोगी पडते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळेत शिकवत. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर माहीत आहे. त्यांच्या नावाच्या संख्याही आहेत. अशा संख्येचा वर्ग करायचा, त्या वर्गाचे दोन तुकडे पाडायचे आणि तुकड्यांची बेरीज करायची, की मूळ संख्या परत मिळते. ४५ चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस मिळून पंचेचाळीस. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७.

नुसत्या नवांच्या संख्या या कसोटीला हमखास उतरतात. ९९ चा वर्ग ९८०१, म्हणजे ९८ आणि ०१. ९९९ चा ९९८००१, म्हणजे ९९८ आणि ००१. कितीही नऊ घ्या, नियम मोडत नाही. ब्राउझरमध्ये छोटासा प्रोग्राम लिहून ही कसोटी चालवली तर सात नवांपर्यंत सारे बरोबर येते. आठ नऊ घेतले की ९९९९९९९९ चा वर्ग यायला हवा ९९९९९९९८००००००० नंतर १, म्हणजे ९९९९९९९८०००००००१. जावास्क्रिप्ट उत्तर देते ९९९९९९९८००००००००. शेवटचा एक गेला. तुकड्यांची बेरीज ९९९९९९९८ आली आणि संगणकाच्या मते ९९९९९९९९ ही कापरेकर संख्याच नाही! कापरेकरांनी हे कागदावर केले असते तर त्यांचे बरोबर आले असते.

आपल्याकडे मोठ्या संख्यांना नावे देण्याची हौस जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने आहेत आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्यात एकावर पंधरा शून्यांच्या स्थानाचे नाव आहे 'अंत्य'. जावास्क्रिप्टची हद्द नऊ अंत्यांच्या किंचित पुढे येते. बाराव्या शतकातल्या यादीची शेवटची दोन स्थाने एकविसाव्या शतकातल्या ब्राउझरला एकेक मोजून गाठता येत नाहीत.

चूक होते कोणत्या टप्प्यावर?

पोर्टल बनवणारे अनेक जण इथेच चकतात, कारण चूक त्यांच्या नजरेआड होते. डेटाबेसमध्ये ६४ बिटी पूर्णांकाचा रकाना ठेवला तर त्यात ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंतची संख्या अचूक मावते. म्हणजे वीसने सुरू होणारा १९ अंकी आयडी आरामात बसतो. सर्व्हरवर जावा किंवा पायथन असेल तर तिथेही बिघाड नाही. सर्व्हर ती माहिती 'जेसन' या मजकुरी स्वरूपात मोबाइलकडे पाठवतो आणि या मजकुरातही १९ अंक शाबूत असतात. मोबाइलवरचा ब्राउझर तो मजकूर वाचून त्याची संख्या करतो, त्या क्षणी शेवटचे अंक गळतात. सर्व्हरच्या नोंदी तपासल्या तर सगळे बरोबर. डेटाबेस तपासला तर तेही बरोबर. तक्रार करणाऱ्या शिक्षकाच्या हातातल्या फोनवर मात्र भलताच क्रमांक.

याहून वाईट म्हणजे चुकीची सूचना मिळत नाही. लाल अक्षरे नाहीत, बीप नाही, पान बंद पडत नाही. बँकेच्या काउंटरवर नोट फाटकी निघाली तर कारकून परत तरी देतो. इथे फाटकी नोट निमूट घेतली जाते आणि पुढच्या माणसाला दिली जाते. आयडीवरून नोंदी जुळवणारा प्रोग्राम असेल तर एका मुलीच्या नावापुढे टिक करताच सगळा वर्ग निवडला जाईल. 'दुबार नोंदी काढा' असे बटण असेल तर तीसपैकी एकोणतीस मुले यादीतून उडतील आणि प्रोग्रामच्या दृष्टीने ते काम चोख झालेले असेल.

चाचणीत हे सापडत नाही, त्यालाही कारण आहे. प्रोग्राम लिहिणारा चाचणीसाठी आयडी घेतो १, २, ३, फार तर १०१. मोबाइल क्रमांक दहा अंकी, आधार बारा अंकी, वीजग्राहक क्रमांक बारा अंकी. हे सगळे हद्दीच्या खूप आत आहेत. वर्षानुवर्षे काहीच बिघडत नाही आणि मग कुणीतरी १९ अंकी क्रमांक त्याच रकान्यातून पाठवतो.

ट्विटरलाही हाच अडथळा

हे केवळ आपल्याकडच्या सरकारी पोर्टलांचे दुखणे नाही. ट्विटरने २०१० मध्ये प्रत्येक ट्विटला क्रमांक देण्याची 'स्नोफ्लेक' नावाची नवी पद्धत आणली. हे क्रमांक ६४ बिटी होते, म्हणजे लवकरच जावास्क्रिप्टच्या हद्दीपलीकडे जाणार होते. ट्विटरने त्यावर साधा तोडगा काढला. प्रत्येक क्रमांक दोनदा पाठवायचा, एकदा संख्या म्हणून आणि एकदा अवतरणचिन्हांत घालून मजकूर म्हणून. जावास्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी दुसरा घ्यावा, अशी सूचना दिली गेली. त्या सूचनेकडे दुर्लक्ष करणाऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये भलतीच ट्विट उघडू लागणार होती. पुढे जेसनच्या अधिकृत नियमावलीतही इशारा आला की दोनच्या ५३ व्या घातापलीकडचे पूर्णांक सगळीकडे सारखे वाचले जातील याची खात्री बाळगू नये.

बिगइंट : हातच्याचे गणित

जावास्क्रिप्टला खऱ्या मोठ्या पूर्णांकांचा स्वतंत्र प्रकार मिळायला पंचवीस वर्षे लागली. त्याचे नाव 'बिगइंट'. क्रोममध्ये तो २०१८ मध्ये आला, फायरफॉक्समध्ये २०१९ मध्ये, अ‍ॅपलच्या सफारीत २०२० मध्ये आणि त्याच वर्षी भाषेच्या अधिकृत मानकातही दाखल झाला. त्यामुळे आजच्या बहुतेक फोनवर तो चालतो. वर्षानुवर्षे अपडेट न झालेल्या ब्राउझरवर मात्र तो नसतो आणि वाड्या-पाड्यांवर असे फोन अजून हाताळले जातात, हे पोर्टल बनवणाऱ्याने विसरून चालत नाही.

बिगइंट काय करतो ते प्राथमिक शाळेतल्या कुठल्याही मुलाला समजावता येईल. चौथीतल्या मुलाला ९ पर्यंतचीच बेरीज तोंडपाठ असते, तरी तो दहा अंकी संख्यांची बेरीज करतो. कशी? उजवीकडून एकेक घर घेतो, बेरीज करतो आणि हातचा पुढे नेतो. बिगइंटही मोठ्या संख्येचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा मशीनला पेलेल एवढाच ठेवतो आणि हातचा पुढच्या तुकड्यात मिळवतो. संख्या वाढली की घरे वाढवायची, एवढेच. ५३ बिटांची भिंत राहत नाही, फोनची मेमरी पुरेल तिथपर्यंत जाता येते. वेळ मात्र जास्त लागतो.

लिहायला तो सोपा आहे. पूर्णांकाच्या शेवटी इंग्रजी 'एन' हे अक्षर जोडायचे. मग आठ नवांचा वर्ग ९९९९९९९८०००००००१ असा बरोबर येतो आणि कापरेकरांची कसोटी ऐंशी नवांनाही लागू पडते. पण काही खाचखळगे आहेत. बिगइंट आणि साधी संख्या यांची थेट बेरीज होत नाही, प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. ही कटकट वाटते, पण निमूट चुकीचे उत्तर देण्यापेक्षा ती बरी. भागाकारात अपूर्णांक टाकून दिला जातो. सात भागिले दोन म्हणजे तीन. वर्गमूळ वगैरे गणिती सोयी त्याला लागू नाहीत. जेसन बनवताना बिगइंट तसाच दिला तर तेही नाकारले जाते, आधी त्याचा मजकूर करून द्यावा लागतो.

सगळ्यात फसवी चूक वेगळीच आहे. १९ अंकी आयडी अवतरणचिन्हांशिवाय लिहून तो बिगइंटमध्ये बदलायला दिला, तर बदल होण्याआधीच तो साधी संख्या म्हणून वाचला जातो. नुकसान आधीच झालेले असते. वरच्या उदाहरणात हाती येते शेवटी ००४८ असलेली संख्या, पूर्ण १९ अंकी, अगदी खरी वाटणारी. तोच आयडी अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून दिला तर ००१७ शाबूत राहतो. बिगइंट वापरला म्हणून निश्चिंत झालेल्या प्रोग्रामरला हा फरक समजायला कधी कधी दोन दिवस लागतात.

आणि क्रमांक ही संख्या नव्हेच

खरे तर स्टुडंट आयडीसाठी बिगइंटचीही गरज नाही. दोन मुलांच्या आयडीची कुणी बेरीज करत नाही. गॅस जोडणीच्या क्रमांकाला कुणी दोनने भागत नाही. ज्याचे गणित होत नाही ती संख्या नव्हे. अंकांत लिहिलेले ते नाव आहे. ते नावासारखेच, मजकूर म्हणून साठवावे. डेटाबेसमध्ये रकाना मजकुराचा असावा, जेसनमध्ये क्रमांक अवतरणचिन्हांत असावा आणि फॉर्मवर भरण्याची चौकटही मजकुराची असावी. फोनवर आकड्यांचा कीबोर्ड यावा म्हणून अनेक जण चौकटीचा प्रकार 'नंबर' ठेवतात, पण मजकुराच्या चौकटीलाही आकड्यांचा कीबोर्ड मागता येतो, तशी सोय वेबमध्ये आहे. मजकूर ठेवल्याचा आणखी एक फायदा म्हणजे सुरुवातीचे शून्य टिकते. बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर संख्या म्हणून वाचताच ते शून्य गायब होते आणि अंक मोजून पाहणारा प्रोग्राम खाते नाकारतो. शिष्यवृत्तीचे पैसे अडकण्यासाठी एवढे पुरते.

अंकांची वैधता तपासायची असेल तरीही मजकूर पुरतो. आधारचा शेवटचा अंक 'व्हर्होफ' नावाच्या पद्धतीने काढलेला पडताळा अंक असतो. आधीच्या अकरांपैकी एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर तो जुळत नाही. ही तपासणी एकेक अंक घेऊनच होते, आख्खी संख्या एकदम लागतच नाही.

बिगइंटची खरी गरज जिथे खरोखर गणित होते तिथे. सुरक्षित संदेशवहनाच्या आरएसए पद्धतीत २०४८ बिटी संख्या लागतात, दशमान पद्धतीत त्या ६१७ अंकी होतात. १९७० पासूनचा काळ नॅनोसेकंदांत मोजला तर आज १९ अंकी संख्या येते आणि अशा दोन वेळांमधला फरक अचूक काढायला बिगइंटच लागतो.

खिशातले कोणते क्रमांक सापडू शकतात?

बँकेचे कार्ड १६ अंकी, म्हणजे हद्दीच्या अगदी दाराशी. पण व्हिसाचे कार्ड ४ ने सुरू होते, मास्टरकार्डची बहुतेक ५ ने, रुपेची बरीचशी ६ ने. हद्द ९००७ ने सुरू होत असल्याने ही कार्डे थोडक्यात आत राहतात. आधारऐवजी देता येणारा व्हर्च्युअल आयडीही १६ अंकीच असतो. त्याची सुरुवात ९००८ किंवा त्यापुढे झाली तर तो हद्दीबाहेर गेला. उज्ज्वला योजनेतल्या घरांसह प्रत्येक गॅसग्राहकाला मिळणारा एलपीजी आयडी १७ अंकी आहे. तिथे खुणांमधले अंतर २ ते १६ एवढे असते, म्हणजे शेवटचा एखाद-दुसरा अंक बदलू शकतो. चार शून्ये डोळ्यांत भरतात, पण शेवटच्या ३ चा ४ झाला तर कुणाच्या लक्षात येणार?

आधार नोंदणीच्या पावतीवरचा क्रमांक तर तारीख-वेळेसह २८ अंकी भरतो. तो संख्या म्हणून वाचला तर जावास्क्रिप्ट तो पूर्ण दाखवतही नाही, २१ अंकांपुढे ती घातांकाची भाषा बोलू लागते. रोजगार हमीच्या जॉबकार्ड क्रमांकाचे मात्र नशीब चांगले. त्यात सुरुवातीला 'एमएच' ही अक्षरे आणि मध्ये आडव्या रेघा असल्याने त्याला संख्या समजण्याची चूक कुठलाच प्रोग्राम करत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत आता चित्र बदलते आहे. यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून मुलांची माहिती नावनिशीवार भरली जाते. तिथला 'पेन' क्रमांक ११ अंकी आहे आणि 'अपार' आयडी १२ अंकी. दोन्ही हद्दीच्या आत आहेत. पण जुने दाखले, जुन्या याद्या आणि जुन्या नोंदी १९ अंकीच आहेत आणि नवी-जुनी नोंद जुळवताना हाच क्रमांक लागतो.

यादी बिघडली असेल तर?

एक्सेलमध्ये काम करायचे तर आयडी चिकटवण्याआधी त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करावा. आधी चिकटवून मग टेक्स्ट केल्याने गेलेले अंक परत येत नाहीत. एखाद-दुसरा आयडी टाकायचा असेल तर सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह टाकले तरी भागते. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल दोनदा टॅप करून थेट उघडू नये. एक्सेलच्या डेटा मेनूतून ती आत घेतली तर कोणता रकाना मजकुराचा हे आधी सांगता येते. संगणकावरच्या नव्या एक्सेलमध्ये लांब अंकांचे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याचाही पर्याय आहे. एवढे करूनही एक फसगत उरते. दुबार नोंदी मोजायला वापरले जाणारे 'काउंटइफ' हे सूत्र मजकूर म्हणून ठेवलेल्या आयडीलाही परत संख्या समजते आणि पंधरा अंकच जुळवते. त्यामुळे यादी शाबूत असूनही ते सगळ्या वर्गाला दुबार ठरवते. त्या सूत्राच्या भरवशावर ओळी खोडू नयेत.

फाइल उघडताना शेवटी ०००० दिसले तर ती 'सेव्ह' न करता बंद करावी. सीएसव्ही असेल तर मूळ फाइलमध्ये अंक अजून जागेवर असतात, ते जातात सेव्ह केल्यावर. सेव्ह झालीच असेल तर त्या फाइलमधून शेवटचे चार अंक कोणत्याही युक्तीने परत मिळत नाहीत, कारण ते तिथे नाहीतच. यादीतल्या नावांच्या क्रमावरून अंदाजाने ०००१, ०००२ भरणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय. अनुक्रम वर्णानुक्रमे लागलेला असेलच असे नाही आणि अंदाज चुकला तर एका मुलीची नोंद दुसऱ्याच मुलाच्या नावे दुसऱ्या शाळेत जाते. अशा वेळी पोर्टलवरून यादी नव्याने उतरवावी किंवा शाळेचे जनरल रजिस्टर आणि दिलेल्या दाखल्यांच्या स्थळप्रती काढून १९ चौकटींतले अंक एकेक करून वाचावेत.